पिवळ्या पिठाची खरवड

आमच्या घरात पहिलं इंग्रजी आलं ते माझ्या चड्डीवर. शाळेत अमेरिकेहून पिवळ्या पिठाची पोती यायची. रिकामी झाली की गुरुजी ती ज्यांना कपड्यांची नड असेल त्यांच्या घरी देत. अशाच एका पोत्याची चड्डी आईनं मला हातानं शिवली होती. त्यावर निळ्या शाईत काहीतरी लिहिलेलं होतं आणि दोन माणसांनी हातात हात घेतल्याचं चित्र होतं. शिवताना चित्र मधोमध कापलं गेलं. एक हात एका पायावर आला, दुसरा दुसऱ्या पायावर. मी पळायला लागलो की ते हात एकमेकांना सोडायचे आणि उभा राहिलो की पुन्हा धरायचे, असं माझी मोठी बहीण अजून हसत सांगते. तिला मी अक्का म्हणतो.

पुढं मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. आता मानवतच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला इतिहास शिकवतो. हे सगळं कसं झालं याची एक गोष्ट मी बरीच वर्षं सांगत आलो. नोकरीला पंचवीस वर्षं झाल्यावर कॉलेजनं सत्कार केला, तेव्हाही सांगितली. आई-बाप कोयता घेऊन साखर कारखान्याला गेले की आम्ही दोघं भावंडं पालमजवळच्या आमच्या खेड्यात चुलत्याकडे राहायचो. अक्का चौथीत होती, मी जेमतेम चार वर्षांचा. शाळेत दुपारी त्या पिवळ्या पिठाचा गोड घाटा मिळायचा. अक्का अर्धा तिथं खायची आणि अर्धा जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, डब्यात माझ्यासाठी आणायची. ‘आम्ही दोघं अर्ध्या अर्ध्या घाट्यावर वाढलो,’ असं मी म्हणायचो. लोक टाळ्या वाजवायचे. मलाही ते वाक्य आवडायचं.

ते वाक्य खोटं आहे हे मला गेल्या हिवाळ्यात कळलं. ते कसं, हे लिहिण्यासाठी हा लेख.

झालं असं, की अकरावीच्या मुलांना मी एक काम दिलं होतं. प्रत्येकानं एखादा जुना पदार्थ शोधायचा, तो कुठून आला ते लिहायचं आणि जमलं तर करून आणायचा. बहुतेकांनी आपापल्या घरातलंच आणलं, कण्या, आंबील, तिळाच्या पोळ्या. एका मुलीनं मात्र मोबाईलवरून अमेरिकेतल्या जुन्या पाककृती उतरवून आणल्या. ती वाचून दाखवायला लागली आणि वर्गात हसू आवरेना.

‘सर, हे लोक जेलीत कोबी घालायचे!’

‘गोड जेलीत?’

‘लिंबाच्या. वर गाजराचा कीस. आणि ते सणाला करायचे, सर.’

‘पाहुणे जाण्यासाठी करत असतील,’ मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

हसणं ओसरल्यावर मी म्हणालो, ‘हसू नका. मीसुद्धा अमेरिकन जेवण जेवून मोठा झालोय.’ तेव्हा तर वर्ग आणखीच हसला. पालमचा माणूस आणि अमेरिकन जेवण! मग मी पोत्याची, घाट्याची, डब्याची गोष्ट सांगितली. हसणारी मुलं पुढं सरकून ऐकायला लागली. ती मुलगी म्हणाली, ‘सर, मग तुम्ही करून आणा ना तो.’ पुढच्या शनिवारी आणतो, असं मी सगळ्यांसमोर कबूल केलं.

कबूल करायला काही लागत नाही. पण तो घाटा शेवटचा खाल्ला त्याला पन्नास वर्षं होत आली होती. मी पहिलीत जाईपर्यंत आमच्या शाळेतला तो खाऊ बंदही झाला होता. म्हणजे माझ्याकडे पाककृती नव्हती, फक्त जिभेवरची एक आठवण होती. मऊ, ऊन, थोडी दुधाची, थोडी गुळाची.

मी वाचायला बसलो. त्या मुलीच्या कागदांतच एक साधीशी पाककृती निघाली. उकळत्या पाण्यात मक्याचं पीठ भुरभुरत सोडायचं, मीठ घालायचं आणि हात दुखेपर्यंत ढवळायचं. वर दूध आणि काकवी. उरलं तर ताटात ओतून ठेवायचं आणि सकाळी वड्या कापून तळायच्या. मूळ धान्य तिथल्या आदिवासींचं. बाहेरून आलेले गोरे लोक ते त्यांच्याकडूनच पिकवायला आणि शिजवायला शिकले. पुढं कितीतरी वर्षं तिथल्या गरीब शेतकऱ्यांच्या घरी हेच संध्याकाळचं जेवण होतं. ते वाचताना मला ती जेलीवाली माणसं एकदम ओळखीची वाटायला लागली. त्यांच्याही घरी कुणीतरी चुलीपुढं बसून घाटा ढवळत होतं. नंतर तिकडं डबे आले, पुड्या आल्या, दुधाची पावडर आली, आणि घाटा जुन्या माणसांचा पदार्थ झाला. त्यांच्या शेतात धान्य खपेना इतकं पिकलं, तेव्हा त्यातलं काही जहाजात भरून आमच्यासारख्यांकडे आलं. पाठवण्यात त्यांचा हिशेब काय होता, हे मी वर्गात शिकवतो. पण पोटात गेलेल्या घासाविषयी मला कृतज्ञताच वाटते, आणि ती लपवावी असं मला वाटत नाही.

त्या पिठात नुसता मका नव्हता, सोयाबीन आणि दुधाची पावडरही होती, हे मला आत्ता वाचताना कळलं. सोयाबीन! त्या काळी आमच्या गावात हा शब्दसुद्धा कुणी ऐकलेला नव्हता. आज पावसाळ्यात मानवतहून पालमला एसटीनं निघालं तर खिडकीतून दोन्ही बाजूंना सोयाबीनच दिसतं. जे आम्ही नाव न कळता खाल्लं, तेच आता आम्ही पिकवतो, विकतो, आणि खात मात्र नाही.

तर मका, भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, दुधाची पावडर आणि गूळ असा बेत ठरला. पण चव बरोबर आली की नाही, हे सांगणार कोण? आई-बाप गेले. घाटा करणारी बाई केव्हाच गेली. उरली एकटी अक्का. तिला पिंगळीला दिलेली आहे. मी फोन केला.

‘शनिवारी कॉलेजात ये. त्याआधी दोन दिवस घरी ये. तो शाळेतला घाटा करायचाय, तू चव सांग.’

‘त्या पिठाचा? येड लागलं का तुला? चांगलं खायला मिळायलंय तर.’

‘मुलांना सांगितलंय मी. तुझी गोष्ट सांगितलीय त्यांना.’

‘माझी कशाची गोष्ट? चौथी नापास बाईची?’

‘ये तू.’

‘येते. पण वर्गात बसणार न्हाई. माझं डोकं न्हाई शाळेचं.’

हे ‘डोकं न्हाई’ मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. अक्काला पाढे कधी आले नाहीत, चौथीत ती नापास झाली आणि शाळा सुटली. ती स्वतःच ते सांगायची, आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्य करून टाकलं होतं.

गुरुवारी ती पॅसेंजरनं मानवत रोडला उतरली. मी गाडीवरून तिला घरी आणलं. चहा झाल्याबरोबर मी कामाला लागलो. अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसली आणि बायकोला त्या पिठाच्या गोष्टी सांगायला लागली.

‘पैलं पोतं आलं तवा कुणालाच म्हाईत नव्हतं त्याचं काय करावं. बायांनी भाकरी करायला घेतली. पीठ म्हणलं की भाकरीच. थापायला लागलं की फाटायची, तव्यावर टाकली की तुकडे. एकीनं रागानं म्हशीपुढं टाकलं. म्हशीनं हुंगलं अन् तोंड फिरवलं. दुधाचा वास यायचा ना त्याला. तिला वाटलं असंल, माझंच मला खाऊ घालायलेत!’

बायको हसून हसून भिंतीला टेकली. मग म्हणे शाळेत शिजवणाऱ्या बाईनं शहाणपण केलं. डेगीत, म्हणजे ते मोठं पितळी पातेलं असतं त्यात, पाणी उकळून तिनं पीठ वरून सोडलं आणि घाटा जमला. मी अक्काला सांगितलं, की अमेरिकेतल्या बायासुद्धा असंच करत होत्या. ती म्हणाली, ‘मग काय, त्यांच्या भाकरी फाटल्या असत्याल.’

पहिला घाटा तयार झाला. मी चमचाभर तोंडात घातला आणि थांबलो. तोच होता. मऊ, ऊन, थोडा दुधाचा. चुलत्याच्या घराचा ओटा, मांडीवर धरलेला डबा, सगळं समोर आलं. मी मोठ्या खुशीत वाटी अक्काच्या हातात दिली.

तिनं खाल्लं, जिभेवर घोळवलं, आणि वाटी खाली ठेवली.

‘न्हाई. हे ते न्हाई.’

मला वाटलं, गूळ जास्त झाला. दुसऱ्यांदा कमी घातला. ‘न्हाई.’ मग शुक्रवारी सकाळी मक्याचं पीठ आधी कोरडं भाजून घेतलं. ‘चांगलं झालंय. पण ते न्हाई.’ मी चिडलो. शनिवार तोंडावर आला होता. वर्गाला मी खरा पदार्थ कबूल केला होता आणि त्याची एकुलती एक साक्षीदार दर वेळी मान हलवत होती.

‘अगं, मला नीट आठवतंय. हीच चव होती.’

‘तुला काय आठवायलंय? येवढंसं लेकरू व्हतास.’

‘मग तूच सांग काय कमी आहे.’

‘ते कसं सांगू? खाल्लं की कळंल.’

दुपारी मी चौथा घाटा चढवला. तेवढ्यात त्या मुलीचा फोन आला. वाट्या किती आणायच्या, अक्का नक्की येणार का, त्यांना बसायला खुर्ची ठेवू का. मी अंगणात उभा राहून बोलत राहिलो. आतून बायकोची हाक आली, ‘अहो, लागलंय खाली!’

धावत गेलो तर स्वयंपाकघरात धूर. गॅस बंद केला. वरचा घाटा भराभर दुसऱ्या भांड्यात काढला. पातेल्याच्या बुडाशी करपलेला तपकिरी थर घट्ट बसला होता. बायको म्हणाली, ‘पातेलं गेलं.’ मी पातेलं मोरीत ठेवायला उचललं. तोवर अक्का उंबऱ्यावरून उठून आत आली होती.

‘ठिव ते खाली,’ ती म्हणाली. ‘आता आलाय त्याचा वास.’

तिनं उलथणं घेतलं आणि पातेलं मांडीशी तिरपं धरून खरवडायला बसली. हात असा चालत होता की जणू रोजचंच काम आहे. एक पापुद्रा सुटला. तो तिनं तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावत राहिली.

‘हेच,’ ती म्हणाली. ‘कडू-गोड. हेच ते.’

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. कळलं होतं, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही.

‘अक्का, तू शाळेत मऊ घाटा खायची ना? अर्धा?’

‘मऊ तुझ्या डब्यात जायचा. तुला करपलं कुठं चावायचं धड.’

‘सगळा?’

‘मग काय. येक पळी मिळायची येका लेकराला. त्यात अर्धं काय करतोस?’

‘पण तू तर म्हणायचीस, माझं अर्धं खाऊन झालंय.’

‘तसं म्हणल्याशिवाय तू खायचा का? लय इचारायचास. अक्का तू खाल्लं का, अक्का तू खाल्लं का.’ ती हसली. ‘बाईला समदं म्हाईत व्हतं. घरी न्यायची मनाई व्हती, पण ती बगून न बगितल्यावानी करायची. वाढून झालं की मला हाक मारायची. डेग मी घासायची, त्याच्या बदल्यात खरवड माझी. लय मोठी व्हती डेग. निम्मी मी आत, निम्मी भाईर.’

‘रोज?’

‘रोज कशी? आइतवारी शाळा नसायची की.’

बायको हसली. मी हसू शकलो नाही. मनात दुसराच हिशेब चालला होता. शाळेत दुपारच्या जेवणानंतर पाढे म्हणून घेतात. आमच्या शाळेत मीही त्याच वेळी, झाडाखाली बसून पाढे शिकलो होतो.

‘अक्का, डेग घासायला किती वेळ लागायचा?’

‘लागायचा की. राख लावायची, हिरीवर न्यायची, इसळायची. येईस्तोवर पोरांचे पाढे म्हणून झालेले असायचे.’ तिनं आणखी एक पापुद्रा सोडवला. ‘न्हाई तरी माझं डोकंच नव्हतं.’

ती हे अगदी सहज म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. इतकी वर्षं तिनं स्वतःविषयी तेच खरं मानलं होतं, आणि मी, इतिहास शिकवणारा माणूस, त्यावर एकदाही प्रश्न विचारला नव्हता. दुसऱ्या देशातल्या स्वयंपाकघरांचा इतिहास मी आठवडाभर चाळत बसलो होतो. माझ्याच घरातली एक मुलगी रोज दुपारी वर्गातून उठून कुठं जायची, हे मात्र कुणालाच विचारलं नव्हतं. माझ्या आठवणीतल्या घाट्याला करपल्याचा वास नव्हता. तो कुणीतरी माझ्या डब्याबाहेर ठेवला होता.

मी म्हणालो, ‘डोकं नव्हतं असं नाही. तू वर्गात नव्हतीस.’

तिनं उलथणं थांबवलं.

‘असंल,’ ती म्हणाली. आणि पुन्हा खरवडायला लागली. पण हात आता सावकाश चालत होता.

शनिवारी कॉलेजात स्टाफरूमजवळच्या खोलीत गॅस लावला. मी पीठ सोडलं, ढवळलं, वरचा घाटा काढला आणि बुडाला राहिलेलं मुद्दाम तसंच आचेवर ठेवलं. मुलं दारातून ओरडायला लागली, ‘सर, करपायलंय! सर!’ मी म्हणालो, ‘करपू द्या.’

अक्का वर्गात बसणार नाही म्हणाली होती. त्या मुलीनं तिला दंडाला धरून आणलं, खुर्ची नको म्हटल्यावर पहिल्या बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. अक्कानं पदर सारखा केला, बाकावरून हात फिरवला, आणि फळ्यावर मी बुधवारी लिहून ठेवलेल्या सनावळ्यांकडे बघत राहिली.

मी उभा राहिलो. नेहमीची गोष्ट सुरू करायची सवय तोंडाला होती. ‘आम्ही दोघं’ इथपर्यंत ती आलीही. तिथं थांबलो. मग म्हणालो, की मागच्या वेळी तुम्हाला सांगितलेल्या गोष्टीत एक चूक आहे, ती दुरुस्त करायची आहे. घाटा अर्धा अर्धा नव्हता. मऊ सगळा मला मिळत होता. खालचा करपलेला हिला मिळत होता, तोही डेग घासल्यावर. आणि डेग घासायची वेळ पाढ्यांची होती. म्हणून मी आज तुमच्यासमोर उभा आहे आणि ही चौथीपर्यंतच शिकली. इतिहासात असं होतं. वरचं तेवढं लिहून ठेवलं जातं.

आणखी बोलायचं होतं. तेवढ्यात पहिल्या बाकावरून आवाज आला, ‘मास्तर, लय लांबवू नका. गार व्हायलंय.’

मुलं जोरात हसली, आणि मीही. त्या मुलीनं वाट्या वाटल्या. मऊ घाटा पोरांनी दुसऱ्यांदा मागून खाल्ला. एकजण म्हणाला, हा जेलीपेक्षा बरा आहे. त्या मुलीनं वहीत काहीतरी लिहिलं आणि अक्काला विचारलं, ‘आजी, यात गूळ किती घालायचा?’ अक्का म्हणाली, ‘ते मला काय म्हाईत? मला खालचं इचार.’ आणि मग खरंच तिनं तिला सांगितलं, खरवड चांगली निघायला आच किती बारीक ठेवायची, पाण्याचा शिपका कधी मारायचा, उलथणं कसं धरायचं. मुलगी लिहून घेत होती. अक्का बोलता बोलता तिच्या वहीत डोकावून पाहत होती.

शेवटी पातेलं आमच्यासमोर आलं. अक्कानं खरवड सगळी सोडवून एका परातीत काढली. चांगला मूठभर ढीग झाला. तिनं उलथण्यानं त्याच्या मधोमध रेघ ओढली आणि परात आमच्या दोघांच्या मध्ये सरकवली. मी पाहिलं, माझ्या बाजूचा वाटा मोठा होता, आणि त्यात कमी करपलेले पापुद्रे होते.

मी परात हातानं अर्धी फिरवली. मोठा वाटा तिच्यापुढं गेला.

‘चांगलं गणित आलंय तुला,’ अक्का म्हणाली, आणि खायला लागली.